खानापुरात बसून शेंगाचटणी ऑनलाइन विकायची आहे, सुरुवात कुठून करू?

मलप्रभाकाठ
मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातला, वय २९. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, हातात १८ हजार येतात. आई शेंगाचटणी, कारळाची चटणी आणि जवारी मिरचीचं तिखट करते. चटणी उखळात कुटलेली असते, लसूण जरा सढळ. गेल्या दिवाळीत आत्तेबहीण घरी आली होती, ती जाताना सहा किलो पुण्याला घेऊन गेली आणि तिच्या सोसायटीतच सगळी संपली. तेव्हापासून पुणे, कोल्हापूर, चंदगड, बेळगाव मिळून चाळीसेक लोक मेसेज करून मागवतात. मी खानापूरच्या पोस्टातून पाठवतो. आईने सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन-दोन हजार साठवून वजनकाटा आणि पाकिटं बंद करायचं सीलर घेतलं. तिचा उत्साह बघून मलाच वाटायला लागलंय की हे मोठं करावं.

माझं ठरतंय ते असं: आईच्या नावावर फर्म काढायची, वेबसाइट करायची (बेळगावातल्या एकाने ३५ हजार सांगितलेत), मोठ्या शॉपिंग अ‍ॅपवर माल लावायचा आणि जूनमध्ये नोकरी सोडायची. गाठीला ९० हजार आहेत. थोरली बहीण म्हणते घाई करतोयस. तुम्ही सांगा, कुठे चुकतंय?

वडगावचा_ताणा
बहीण बरोबर सांगतेय. नोकरी जूनमध्ये सोडू नको.

आमचे घरचे माग. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा दुकानदारांनी माल उचलायचा थांबवला आणि घरात साड्यांचा ढीग पडला. मी अंगणात, सकाळच्या उन्हात, एकेका साडीचा फोटो काढून ओळखीच्या बायकांना पाठवायला लागले. दिव्याखाली काढलेल्या फोटोत रंग बदलतो आणि मग "हा मोरपंखी नव्हे" म्हणून साडी परत येते, हे मी दोन साड्या परत आल्यावर शिकले. पहिली दोन वर्षं माझ्याकडे फोन आणि एक वही, एवढंच होतं. वहीत नाव, गाव, काय घेतलं, कधी घेतलं, पुन्हा कधी विचारलं. वेबसाइट अजूनही नाही, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

एक बारीक गोष्ट सांगते, नवीन लोकांना माहीत नसते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण घालता येतात, पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाल, "हा नंबर सेव्ह करा, नवीन घाणा झाला की कळवतो."

आता मला सांग, चाळीसपैकी दुसऱ्यांदा किती जणांनी मागवलं?

मलप्रभाकाठ
अक्का, आता मोबाइलमध्ये मागे जाऊन जाऊन मोजलं. दुसऱ्यांदा अकरा जणांनी. तिसऱ्यांदा चौघांनी. मला वाटलं होतं जास्त असतील.

वडगावचा_ताणा
अकरा वाईट नाहीत. उरलेल्या एकोणतीसांना फोन कर. मेसेज नको, फोन. काय आवडलं नाही ते विचार आणि लिहून घे. ३५ हजारांच्या वेबसाइटवरून जे कळणार नाही ते तिथे कळेल.

निपाणी_वेस
अ‍ॅपवर माल लावायचं म्हणताय म्हणून माझं सांगतो.

आम्ही अथणीकडच्या कारागिरांकडून कोल्हापुरी चप्पल घेऊन विकतो. कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते महाराष्ट्र-कर्नाटक दोन्ही राज्यांना मिळून: पलीकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे नाव कोल्हापूरचं असलं तरी अथणी-निपाणीत शिवलेली चप्पलही अस्सलच. हे मला अभिमानाने जगाला सांगायचं होतं, म्हणून एका मोठ्या अ‍ॅपवर दुकान उघडलं. पहिल्या दोन महिन्यांत ३१ जोड गेले. घरात पेढे वाटले.

त्यातले १४ परत आले. बहुतेक मापामुळे. हाताने शिवलेल्या चपलेचा आठ नंबर आणि बुटाचा आठ नंबर एक नसतो. चामडं पायाला रुळायला आठवडा लागतो, तो धीर गिऱ्हाइकाला नसतो. परत येण्याचा खर्च माझ्याच माथी. कमिशन, जायचं भाडं, यायचं भाडं कापून एका जोडामागे मला तोटा होत होता आणि ते मला तिसऱ्या महिन्यात कळलं, कारण रोज ऑर्डरचा आवाज वाजला की धंदा चाललाय असं वाटायचं. एका परतीच्या खोक्यात तर कुणाच्या तरी झिजलेल्या रबरी चपला निघाल्या. माझ्याकडे पॅकिंगचा व्हिडिओ नव्हता, दाद लागली नाही. शिवाय शेजारच्याच फोटोत मशीनवर केलेली रेग्झिनची "कोल्हापुरी" २९९ ला. तिच्या बाजूला माझी १४०० ची.

अ‍ॅप बंद केलं. आता गिऱ्हाइकाला सांगतो, कागदावर उभं राहा, पेन्सिलने पायाची कड काढा, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. पैसे आधी. महिन्याला बारा-पंधरा जोड जातात, वर्षात दोन परत आले.

तुमची चटणी मापामुळे परत येणार नाही. पण कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलीत तर घरी कुणी नसल्याने, मन बदलल्याने पार्सलं परत येतील आणि आलेली चटणी पुन्हा विकता येत नाही. पैसे आधी, एवढं पाळा.

हिशेबनीस_टिळकवाडी
मी पंधरा वर्षं छोट्या व्यापाऱ्यांची खाती लिहितोय. सीमाभागातल्या माणसाने वेबसाइटच्या आधी एक गोष्ट ठरवावी: माल कोणत्या राज्यात जाणार.

४० लाखांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. १ एप्रिल २०१९ पासून, वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, कर्नाटकातही तेच. पण ही सूट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला आहे. करपात्र माल राज्याबाहेर गेला की कायद्याचं कलम २४ लागू होतं आणि त्यात रकमेची अट नाही. पहिल्या पाकिटापासून नोंदणी. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना यात सवलत आहे, चटणीला नाही.

आता हे आपल्या भागात कसं दिसतं बघ. पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूला चटणी पाठवलीस तर ती घरातली विक्री. शेजारच्या चंदगडला पाठवलीस तर आंतरराज्य. निपाणीवाल्यांना कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, तेही परराज्य. आपली सोयरीक, बोली, जत्रा सगळं पलीकडे पसरलेलं. साताऱ्याच्या किंवा हुबळीच्या माणसाला जवळचं गिऱ्हाईक स्वतःच्या राज्यात मिळतं, तो वर्षभर नोंदणीशिवाय शिकू शकतो. आपल्याला ती उसंत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण याच टप्प्यावर चांगली चांगली पोरं एक तर घाबरून सोडतात, नाही तर डोळे मिटून चालू ठेवतात.

अ‍ॅपचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही अ‍ॅपवर वस्तू विकता येतात, पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर काढावा लागतो. पण विक्री एकाच राज्यात. कंपोझिशन योजना घेतलीस, एक टक्का कर आणि कमी कागद, तर तिच्यातही परराज्यात माल पाठवता येत नाही. बेळगावात बसून कोल्हापूर-पुण्याला विकणाऱ्याला ती उपयोगाची नाही.

नोंदणीला सरकारी फी शून्य. पॅन, आधार, फोटो, घराचं हेस्कॉमचं (विजेचं) बिल, आणि बिल वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र. आधारावरचं नाव, पॅनवरचं नाव आणि कन्नड उताऱ्यावरचं नाव जुळतंय का ते आधी बघ. आपल्याकडच्या आडनावांची तीन कागदांवर तीन रूपं असतात आणि अर्ज तिथेच अडकतो. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर रिटर्न तिमाही भरता येतं. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं, चुकलं तर शून्य रिटर्नला दिवसाला २० रुपये दंड, विक्री असेल तर ५०. अ‍ॅपवाले तुझ्या विक्रीतून टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे. तो तुझ्या खात्यात जमा दिसतो, मागून घ्यायला विसरू नको.

शेवटचं, आणि हे तुझ्या घराच्या दृष्टीने महत्त्वाचं. आईच्या नावावर जीएसटी घेऊ नकोस. गृहलक्ष्मीच्या अटीत आहे, की बाई स्वतः किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल तर ती योजनेस पात्र नाही. तिचे महिन्याचे दोन हजार बंद होतील. वडिलांच्या नावावर घेतलंस तरी तेच. तुझ्या नावावर घे.

मलप्रभाकाठ
हिशेबनीस साहेब, हे कुणीच सांगितलं नव्हतं. रात्री आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या दोन हजारांनीच तर सुरुवात झाली."

पण मग आतापर्यंत पोस्टाने कोल्हापूरला पाठवलं त्याचं काय?

हिशेबनीस_टिळकवाडी
आत्तेबहीण घरी येऊन, पैसे देऊन स्वतः घेऊन गेली, बिलात पत्ता नाही, तर ती इथलीच विक्री धरतात. कोल्हापूरकर बेळगावात येऊन लग्नाचा बस्ता बांधून जातात ना, तसंच. पोस्टाने पाठवलेल्यांची तारीख-रकमेसकट यादी कर आणि ज्याच्याकडून नोंदणी करशील त्याच्यासमोर ठेव. रकमा लहान आहेत, निस्तरतं. नोंदणी होईपर्यंत मात्र राज्याबाहेर एकही पाकीट नको.

आणि यूपीआयवर आलेला पैसा कुणाला दिसत नाही असं समजू नको. जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या उलाढालीवरून आपल्या राज्यात छोट्या दुकानदारांना नोटिसा आल्या होत्या, कितीतरी जणांनी भिंतीवरचे क्यूआर काढून टाकले. ज्यांच्या वह्या होत्या त्यांना उत्तर द्यायला सोपं गेलं.

नेसरीचा_पावणा
माझं नेसरीला किराणा दुकान आहे. पावणं, तुम्ही पोतंभर माल माझ्याकडे टाकून जावा, मी इथून कोल्हापूर-पुण्याला पाठवतो. महाराष्ट्रातून महाराष्ट्रात, कसली नोंदणी नि कसलं काय.

हिशेबनीस_टिळकवाडी
मनापासून म्हणताय ते कळतंय, पण त्याने सुटत नाही. खानापूरहून नेसरीला तुम्हाला विकलेला माल हीच आंतरराज्य विक्री झाली, म्हणजे त्याला नोंदणी लागतेच. नुसता ठेवायला दिला, मालकी त्याचीच, तर महाराष्ट्रातली वेगळी नोंदणी लागेल. त्याने इथे नोंदणी करून तुम्हाला रीतसर बिलाने माल दिला तर तुम्ही तो महाराष्ट्रात विकू शकता, आणि तुमच्याकडे खाद्यपदार्थ विक्रीची नोंदणी असायला हवी. दुकान आहे म्हणजे असेलच.

नेसरीचा_पावणा
आहे की. मग बिलाने घेतो. पाच किलोपासून सुरू करू. चव आधी बघणार मात्र.

शहापूरची_फोडणी
मी लाडू, चकली, भडंग आणि मेतकूट विकते, सहावं वर्ष. खाण्याच्या वस्तूचं बोलते.

एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) नोंदणीशिवाय एकही पाकीट बाहेर जाऊ देऊ नको. त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर स्वतः भरता येते. मी केली तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला मूलभूत नोंदणी, वर्षाला १०० रुपये. माझ्याकडून एका एजंटाने अडीच हजार घेतले होते, म्हणून पोटतिडकीने सांगते. उद्यम (छोट्या उद्योगाच्या सरकारी) नोंदणीचंही तसंच, ती पूर्ण मोफत आहे, आधारावर होते. गूगलवर वर दिसणाऱ्या सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइट पैसे मागतात, तिथे भरू नको.

लेबलवर १४ आकडी एफएसएसएआय नंबर, घटक (शेंगदाणे ठळक लिही, कुणाला त्याची अ‍ॅलर्जी असते), निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खायचं, पत्ता, फोन आणि शाकाहारी हिरवा ठिपका. नाव मराठी आणि कन्नड दोन्हीत छाप. शेंगाचटणी इकडे दोन्ही घरांत भाकरीबरोबर त्याच नावाने वाढतात. माझी निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलणारी आहेत आणि दोन्ही लिपी दिसल्या की बाई पाकीट उचलून बघते.

आता पावसाचं. तुमच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात जूनपासून जो पाऊस लागतो त्यात हवाच ओली. उघडी चटणी तासाभरात सादळते, पाकिटात ओल राहिली की बुरशी. शेंगदाणा जुना असला की तेल खवट होतं आणि तो वास डबा उघडताच येतो. म्हणून जूनमध्ये सुरुवात हा महिनाच चुकीचा. आत्ताच दहा पाकिटं बंद करून तारीख टाकून ठेव, दर पंधरा दिवसांनी एक उघड, वास बघ, चव बघ, आईला आणि एका परक्या माणसालाही चाखायला दे. ज्या पाकिटाला परका माणूस तोंड वाकडं करेल त्याच्या महिनाभर आधीची मुदत लेबलवर छाप. आतून चंदेरी थर असलेलं झिपचं पाकीट घे, पारदर्शक सुंदर दिसतं पण उजेडाने तेल लवकर बिघडतं.

आणि वजन! तू किती ग्रॅमची पाकिटं करतोस?

मलप्रभाकाठ
काकू, २५० ग्रॅमची. लोक बहुतेक दोन मागवतात.

शहापूरची_फोडणी
दोन पाकिटं ५०० ग्रॅम, वर पाकीट, खोका, कागद. ५६०-५७० भरणार. बहुतेक कुरिअरचा पहिला टप्पा ५०० ग्रॅमचा, तू दर वेळी पुढच्या टप्प्याचे पैसे देतोयस. २०० ची पाकिटं कर, दोन मिळून खोक्यासकट पाचशेच्या आत बसतात. खोका मोठा घेऊ नको, कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५००० करतात आणि ते वजन जास्त आलं तर तेच धरतात. हुबळी-धारवाडला जास्त माल जायला लागला तर बसची नम्म कार्गो विचारून बघ.

मलप्रभाकाठ
काकू, तुमचं वाचून आज पहिल्यांदा कागदावर हिशेब मांडला. २५० ग्रॅम मी १२० ला देत होतो, दोनचे २४०, पोस्ट धरून. दोन पाकिटांचा माल (दाणे, मिरची, लसूण, जिरं, मीठ) ११०, पाकीट-लेबल १८, खोका-टेप १४, पाठवणी ८५. एकूण २२७. तेरा रुपये राहिले. त्यात गॅस नाही, आईचे तीन तास नाहीत, माझी पोस्टाची फेरी नाही. चाळीस लोक मागवतात म्हणून मी नोकरी सोडायला निघालो होतो.

वडगावचा_ताणा
आईच्या तासांचे पैसे धर. बाजारात कांडायला बाई लावली असतीस तर जे दिले असतेस ते. आमच्या घरात सासूबाई कांड्या भरायच्या त्याचे पैसे कुणी कधी धरले नाहीत, म्हणून साडी स्वस्त वाटायची. त्यांचे डोळे गेले तेव्हा आम्हाला कळलं की ते काम फुकट नव्हतं.

सांबरा_रोड
एक सावधगिरी. घरगुती खाण्याचं काम करणाऱ्या आमच्या वहिनींना फोन आला, "मी फौजेत आहे, सेंटरला कार्यक्रम आहे, वीस किलो पाहिजे, अ‍ॅडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करा." बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, घराघरात कुणीतरी फौजेतलं, त्यामुळे विश्वास पटकन बसतो. बोलणारा फौजेतला नव्हताच. वहिनींनी पिन टाकला आणि ९ हजार गेले. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. आईच्या फोनमागे हे लिहून चिकटव. पेमेंटच्या स्क्रीनशॉटवरही विसंबू नका, खात्यात जमा दिसल्यावरच पार्सल बांधा. असं काही झालंच तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे मिळणं अवघड.

मलप्रभाकाठ
दोन महिन्यांनी लिहितोय. मध्ये शांत होतो कारण सांगण्यासारखं काही नव्हतं.

नोकरी चालू आहे. वेबसाइटवाल्याला नाही म्हणून सांगितलं. एफएसएसएआय आणि उद्यम दोन्ही स्वतः भरली. जीएसटी माझ्या नावावर, हेस्कॉमचं बिल आजोबांच्या नावावर निघालं, ते नाहीत, त्यामुळे घरपट्टीची पावती, वडिलांचं संमतिपत्र असं करत तीन आठवडे गेले. नंबर येईपर्यंत कोल्हापूर-पुण्याच्या लोकांना थांबा म्हणालो. तिघे नाराज झाले, बाकीचे थांबले.

एकोणतीसांना फोन केला. सतरा जणांनी उचलला. नऊ जण म्हणाले लसूण जास्त आहे, मुलं खात नाहीत. आईला हे सांगताना माझी जीभ रेटत नव्हती. ती दोन दिवस काही बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी उखळातून कमी लसणाची वेगळी काढून ठेवली आणि म्हणाली, ह्याच्यावर "मुलांची" लिही. आता दोन प्रकार आहेत.

पाकिटं २०० ग्रॅमची, किंमत १४०, पाठवणी वेगळी. आईचे तास धरून दोन पाकिटांमागे ६२ रुपये राहतात. गेल्या महिन्यात ५८ ऑर्डर गेल्या, त्यातल्या २३ जुन्या गिऱ्हाइकांच्या. नेसरीच्या पावण्यांनी पाच किलो बिलाने नेली आणि परवा आठ सांगितली.

दहा पाकिटांपैकी चार उघडून झाली. काल उघडलेलं ठीक होतं. काकू, पावसाळ्यातली एक ठेवणीतली शंका: पाकिटात ती ओल शोषणारी छोटी पुडी घालतात, ती तुम्ही घालता का? लहान मुलाच्या हाती लागेल म्हणून आई नको म्हणते.

शहापूरची_फोडणी
घालते, पण "खाऊ नये" छापलेली, खाद्यपदार्थांसाठीचीच, आणि मुलांच्या पाकिटात घालत नाही. तिथे पाकीट लहान ठेवते म्हणजे लवकर संपतं. आईचं बरोबर आहे. "मुलांची" दोन पाकिटं मला पाठव, शहापूरला, पैसे पाठवलेत.